हात न लावलेली कॉफी

समीह मास्तर कॉफी पीत नाहीत, असं मला पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आमच्या तुफ्फाह मोहल्ल्यात सकाळी पहिला वास यायचा तो त्यांच्या घरच्या वेलदोडा घातलेल्या कॉफीचा. पाव भाजायच्या वासाच्याही आधी. तो माणूस शाळेत जाताना प्यायचा, आल्यावर प्यायचा, मयताला बसल्यावर तर विचारूच नका. रवादची आई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची की ह्यांच्या नाडीवर बोट ठेवलं तर गाळ लागेल.

मी त्यांची शेजारीण. लोक मला नसीमची आई म्हणतात. खाली माझं शिवणकामाचं दुकान, वर घर, आणि माझ्या गच्चीला त्यांची गच्ची चिकटलेली. मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून आमच्या दोन घरांची मीठ-साखर, लसूण, रडणी, सगळं इकडून तिकडे गेलेलं आहे.

मास्तर मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे. खडूला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक डाव्या अंगठ्याखाली दाबायचं आणि फळ्यावर एका दमात वर्तुळ काढायचं, ही त्यांची खूण. आमच्या भागातला कुठलाही बाप्या घ्या, सुतार, मासेवाला, रिकामटेकडा, त्याला वर्तुळ काढायला सांगा. अंगठा दाबूनच काढणार. माझा नसीमही तसंच काढतो. एवढा मोठा झाला तरी तसंच.

मग तो जून महिना आला. आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांवर झाडलेल्या गोळ्या आम्ही त्या आठवड्यात ऐकल्या. पिवळ्या झेंड्याचे एका छपरावर, हिरव्या झेंड्याचे समोरच्या. आयुष्यभर बाहेरून येणाऱ्या विमानांना घाबरलेल्या आम्ही बायका, आणि त्या आठवड्यात शेजारच्या पोराच्या बुटांच्या आवाजाला घाबरत होतो. मास्तरांचा मुलगा रवाद पिवळ्यांच्या एका चौकीवर पहारेकरी होता. त्याला चेहरा झाकलेल्या माणसांनी भिंतीशी उभं केलं आणि उजव्या गुडघ्यात गोळी घातली. उपचारासाठी त्याला बाहेर नेलं, तिथून तो रामल्लाला गेला, आणि परत आलाच नाही. यायची सोयच राहिली नव्हती. पाय राहिला, पण गुडघा वाकत नाही.

त्यानंतर आम्हाला दोन सरकारं झाली. एक इकडचं, हिरव्यांचं, आणि एक तिकडचं, रामल्लातलं, पिवळ्यांचं. दोघंही म्हणणार, खरे आम्हीच, ते तोतये. दोघांचे मंत्री, दोघांचे शिक्के, दोघांचे पोलिस. एवढीशी आमची जागा, धड पाणी येत नाही, वीज येते तेव्हा लोक एकमेकांना हाका मारून सांगतात, आणि सरकारं मात्र दोन. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते आमच्यासाठीच कुणीतरी करून ठेवलं असावं.

मास्तरांचा पगार तिकडून यायचा. पुढच्या वर्षी शाळा उघडायच्या सुमाराला सगळ्या मास्तर लोकांच्या संघटनेनं संप पुकारला, आणि तिकडून हुकूम आला की घरी बसा, जो शाळेत जाईल त्याचा पगार बंद. थोड्या दिवसांचाच संप होता. तो वाढला, मग आणखी वाढला, आणि मग त्याला संप म्हणायचंही लोक विसरले. इकडच्या सरकारनं रिकाम्या वर्गांवर नुकती पदवी घेतलेली पोरं आणून उभी केली. म्हणजे मास्तरांना पगार होता, काम नव्हतं. घरात खाणारी तोंडं नऊ. म्हातारी आई, दोन विधवा बहिणी, त्यांची मुलं. मास्तर बसले.

घरी बसलेला पुरुष म्हणजे काय, हे मला विचारा, भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. सकाळी शर्टाला इस्त्री करायचे, वीज नसेल तर गादीखाली दाबून ठेवायचे, आणि तो शर्ट घालून खुर्चीत बसायचे. शाळेची घंटा आमच्या गल्लीत ऐकू येते. घंटा झाली की उठायचे, आणि मग उठलो कशाला ते आठवून पुन्हा बसायचे. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात येऊन डाळीत मीठ किती घालावं ते सांगायला लागले. रवादची आई एकदा भिंतीशी येऊन मला म्हणाली, “बाई गं, दोन सरकारं परवडली, पण चुलीपाशी दोन स्वयंपाकी नको.” गल्लीतल्या पोरांनी त्यांना नाव ठेवलं, बसके मास्तर. मीच एका कार्ट्याच्या पाठीत धपाटा घातला होता त्याबद्दल. त्याच्या बापाला याच मास्तरांनी पाढे शिकवले होते.

त्यांच्या जागी आलेला पोरगा उसैद. हासुद्धा त्यांचाच विद्यार्थी. गणितात हुशार, पण वर्गात उभं राहिल्यावर पाय लटपटणारा. पहिल्याच महिन्यात तो माझ्या दुकानात एक पँट घेऊन आला. कंबर कमी करायची म्हणाला. मी मापं घ्यायला लागले तर याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, “मावशी, पोरं ऐकत नाहीत. मला येतं सगळं, पण सांगता येत नाही. मास्तर एकदा भेटतील का? त्यांच्या दारानं गेलो तर कुणीतरी बघेल, आणि नुकसान त्यांचं होईल.”

मी काय म्हणणार. म्हटलं, “जिना वर गच्चीवर जातो. भिंत कमरेएवढीच आहे.”

त्या दिवसापासून उसैद अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर पँट घेऊन माझ्या दुकानात यायचा आणि गच्चीवरून पलीकडे जायचा. मास्तर त्याला उद्याचा धडा समजावून द्यायचे. कुठे थांबायचं, कुठल्या पोराला आधी विचारायचं, गलका झाला तर ओरडायचं नाही, उलट आवाज खाली आणायचा. कपडे वाळत घालताना मी ऐकायचे. मास्तर पुन्हा माणसात आले. मिठाचं बोलणं बंद झालं. तिकडे शाळेत पोरं अंगठा दाबून वर्तुळं काढायला लागली, आणि गल्ली मला विचारायला लागली, नसीमची आई, त्या नव्या मास्तरची एक पँट तुला वर्षभर जमेना, तुझे डोळे गेले की हात गेले? मी म्हणायचे, पोराचं अंगच वाकडं आहे. शिंपिणीच्या नावाला बट्टा लागला तो लागला.

मास्तरांची मुलगी तहानी त्यांना कॉफी आणून द्यायची. पुढचं सांगायला नको. पोरगा नजर वर करत नव्हता, पोरगी कप ठेवून निघून जायची, पण मी कपड्यांच्या आडून बघत होते ना. जिथं नजर वर होत नाही, तिथंच काहीतरी असतं. तहानीनं एकदा भिंतीशी येऊन मला विचारलं, उसैदच्या घरचे कसे आहेत. मी म्हटलं, मासे विकतात, आणि खोटं मोजत नाहीत.

मग एका गुरुवारी दुपारी उसैदचे आजोबा, हजला जाऊन आलेले हाज मतर, त्यांचे भाऊ आणि आणखी दोन वडीलधारे मागणी घालायला आले. या वेळी दारातून आले, उघड. पोरीला मागणी घालण्यात लपायचं काय. कॉफी मीच केली, कारण रवादची आई पाहुण्यांच्या गाद्या घालण्यात गुंतली होती. आमच्याकडे मागणीला आलेल्यांपुढे कडू कॉफी ठेवतात. मुख्य माणूस कप घेतो आणि न पिता खाली ठेवतो. आमचं एक मागणं आहे, ते मिळाल्याशिवाय कॉफीला हात लावणार नाही, असं म्हणतो. यजमान म्हणतो, कॉफी प्या, दिलं. विचार करायचा असेल तर म्हणतो, कॉफी पाहुण्याची म्हणून प्या, उत्तर नंतर देतो. पण कप भरलेला ठेवून कुणी कुणाच्या घरातून उठत नाही. तसं झालं तर तो अपमान पिढ्यांचा.

मास्तरांनी त्या दिवशी विचार करायला वेळ मागितला. हाज मतर प्यायले आणि गेले. मास्तरांच्या मनात होकारच होता, पण धाकट्या पोरीचं लग्न थोरल्या भावाला न विचारता कसं करायचं? रवादला रामल्लात फोन लावायचं काम आईनं अंगावर घेतलं. ती भोळी बाई. पोराचा राग तिला ठाऊक होता, म्हणून ती उसैदचं कौतुक करत बसली. सांगितलं, तसा नाही रे तो, रोज येतो, तुझ्या बाबांच्या पायाशी बसून शिकतो.

त्याच महिन्यात पगार आला नाही.

बँकेच्या खिडकीवरच्या माणसानं मास्तरांना सांगितलं की तुमचं नाव तिकडून काढलंय, संप मोडल्याबद्दल. कुणीतरी चुगली केली होती. आमच्याकडे त्या वर्षांत चुगलीचा धंदा तेजीत होता. कोण कुणाच्या लग्नाला गेला, कोण कुठल्या मशिदीत बसला, सगळं तिकडे कळवायला माणसं होती. इकडे कळवायलाही होती. मास्तर घरी आले आणि सरळ शाळेत गेले. आता लपायचं काही उरलं नव्हतं. म्हणाले, पगार नाही तर निदान काम द्या. मुख्याध्यापक नवे होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की तुमची जागा भरली आहे, इतकी वर्षं घरी बसलेल्यांना परत घ्यायचा आम्हाला हुकूम नाही. खिडकीतून उसैदचा आवाज येत होता म्हणे. अगदी त्यांच्यासारखाच, खाली आणलेला.

तिकडच्या सरकारनं काढलं, इकडच्यानं घेतलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण मला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. मास्तरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. गल्लीत समोर आले तर मान फिरवायचे. रवादच्या आईनं भिंतीवरून लसूण मागणं बंद केलं. मला कळायला दोन दिवस लागले. गच्चीची वाट कुणाला ठाऊक होती? मला. एवढी वर्षं त्यांचं गुपित पोटात ठेवून, वर शिंपीण म्हणून टोमणे खाऊन, शेवटी चुगलखोर मी!

मला राग आला की मी घरात बसत नाही. तशीच, शिवताना बोटात घालायची टोपीही न काढता, त्यांच्या घरात गेले आणि म्हटलं, “मास्तर, जे मनात आहे ते तोंडावर बोला. मी नमाजी बाई आहे, पाठीमागचा संशय मला झोपू देत नाही.”

मास्तर माझ्याकडे बघेनात. म्हणाले, “मी कुणाचं नाव घेतलं नाही.”

“म्हणूनच आले. घ्या नाव.”

 मास्तरांनी खिशातून फोन काढला. म्हणाले, रवाद तिथंच राहतो, त्याची तिकडच्या कचेऱ्यांत ओळख आहे, त्यालाच विचारतो कुणी कळवलं ते, म्हणजे तुमचंही समाधान होईल आणि माझंही. मला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. रवादची आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तहानी दारात उभी राहिली.

मास्तर म्हणाले, “पोरा, तुझ्या ओळखीनं एवढं शोध. माझी चुगली कुणी केली?”

तिकडून रवादचा आवाज आला. 

“शोधायचं काय त्यात, बाबा. मीच सांगितलं.”

मी खाली बसले. खुर्ची होती का नव्हती तेही पाहिलं नाही. रवादच्या आईनं हातातला फडका तोंडावर धरला. मास्तर मात्र उभेच. फळ्यावर पोरानं चुकीचं उत्तर लिहिल्यावर ज्या आवाजात विचारायचे, त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “का?”

“त्यांनी माझा पाय नेला. तुम्ही त्यांना शिकवता, आणि वर तहानी देता.”

“उसैदनं तुझं काय केलं? तो तेव्हा विद्यापीठात होता. त्याच्या हातात कधी बंदूक नव्हती.”

“त्यानं काही केलं नाही. पण ज्यांनी केलं, तेही कुणाच्या तरी वर्गात बसूनच मोठे झालेत ना, बाबा. तुमच्याच असतील. त्यांच्यातल्या एकानं मला भिंतीशी उभं करताना मास्तरांचा पोरगा म्हणून हाक मारली होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.”

फोन त्यानंच ठेवला.

माझी सुटका झाली, पण अशी सुटका वैऱ्यालाही नको. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला शिव्या द्यायच्या? त्या पोराला? त्याला मी कडेवर घेऊन हिंडवलंय. त्याचा गोळीनं फुटलेला गुडघा मी डोळ्यांनी पाहिलाय. मास्तर माझ्याजवळ आले, पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, “नसीमच्या आई, मला माफ करा.” मी म्हटलं, लसूण घेऊन येते. 

पुढच्या गुरुवारी हाज मतर उत्तराला येणार होते. सगळी गल्ली धरून चालली होती की नकार. मलाही तसंच वाटत होतं. पोराचा संताप इतका, पगार गेलेला, कोण बाप अशा वेळी हो म्हणेल? तहानी सकाळपासून भांडी घासत होती, घासलेलीच. मी तिला म्हटलं, बस जरा. ती म्हणाली, “मावशी, बाबा नाही म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही. पण घरातल्या प्रत्येकानं काही ना काही गमावलंय, मग माझं कुणी नेलं, हे मी कुणाला विचारायचं?” मी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

कॉफी मीच केली. दाराच्या पडद्याआड उभी राहिले. या वेळी उसैदही आजोबांशेजारी बसला होता. हाज मतरनी कप घेतला, समोर ठेवला, मागणं सांगितलं. मास्तर म्हणाले, “हाज, प्यायच्या आधी ऐका. माझा पगार कुणी बंद केला म्हणून मी सगळ्यांवर संशय घेतला. शेजारणीवर घेतला, तुमच्या घरावरही घेतला. तो माझ्या मुलानं बंद करवला. या घरातही दोन सरकारं आहेत. माझी मुलगी मी दिली. अशा घरातली चालत असेल तर प्या.”

असं कुणी बोलतं का? पोरीच्या बापानं मागणीच्या बैठकीत स्वतःच्या मुलाचं असं उघडं करायचं? मी पडदा घट्ट धरला. हाज मतर म्हातारे, मासे विकून हात चिरलेले. त्यांनी कपाकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं, आणि कप उचलून एका घोटात रिकामा केला. म्हणाले, “आमच्याकडेही दोनच आहेत, मास्तर. आम्ही कुणाला सांगत नाही एवढंच.”

बाकीचे प्यायले. माझा श्वास सुटला, मी ओठ गोल करून आनंदाची हाक घालणार होते, तेवढ्यात दिसलं की मास्तरांचा कप तसाच आहे. भरलेला. हाज मतरनाही दिसलं. म्हणाले, तुम्ही घ्या की.

“माझा राहू द्या,” मास्तर म्हणाले. “मीही मागायलाच बसलोय.”

आणि त्यांनी तिथं, सगळ्यांसमोर, फोन कपाशेजारी ठेवला आणि रामल्लाला लावला. रवादनं उचलला. मास्तर म्हणाले, “रवाद, मी समीह. तुझ्या दारात मागणी घेऊन आलोय. कॉफी पुढ्यात आहे. पगार नको, माफी नको. बहिणीला मुबारक एवढा एक शब्द बोल. तोवर मी कॉफीला हात लावत नाही.”

बापानं मुलापुढे मागणाऱ्याच्या जागी बसायचं! पांढऱ्या केसांची चार माणसं खाली बघत होती. फोनमधून पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते, म्हणजे लाइन चालू होती. मग ती बंद झाली. हाज मतर म्हणाले, वीज गेली असेल तिकडे. 

लग्न झालं. तहानीला आता चालायला शिकलेली मुलगी आहे. मास्तर घरी मुलांच्या शिकवण्या घेतात, उसैद त्यातल्या निम्म्या पोरांना पाठवतो, हाज मतर मासे पाठवतात. कसंबसं चालतं. सरकारं अजून दोनच आहेत. मधूनमधून बातमी येते की दोघांनी कुठल्याशा शहरात बसून हात मिळवले. पोरं हवेत गोळ्या झाडतात, आणि आठवड्यात सगळं जसंच्या तसं.

दर शुक्रवारी नमाजानंतर मास्तरांपुढे कडू कॉफीचा कप असतो. करते मीच, कारण रवादच्या आईनं पहिल्या वर्षीच सांगितलं की माझ्यानं हे होणार नाही. शेजारी फोन. रवाद उचलतो, हे मला सगळ्यात कठीण जातं. उचलला नाही तर बरं. उचलतो, बापाचं मागणं ऐकतो, आणि ठेवतो. एकदा मी न राहवून म्हटलं, “मास्तर, पुरे झालं. तो नाही बोलायचा. किती दिवस असे बसणार?”

मास्तर म्हणाले, “त्या वेळी बसलो ते कुणीतरी बसा म्हणालं म्हणून. आता माझ्या मर्जीनं बसलोय.”

परवाच्या शुक्रवारी तहानीची पोर मांडीवर होती. तिनं कपाकडे हात नेला. मास्तरांनी तिचा हात अलगद धरला आणि बाजूला केला, आणि फोनवरचं मागणं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तिकडून फोन ठेवल्यावर मी कप उचलून आत नेला आणि मोरीत ओतला.